मोटारीच्या ब्रेकांचा तोल

शनिवारीं सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली रो-रो बोट मांडव्याच्या जेट्टीला लागते, तिचें लोखंडी दार उघडतें आणि मोटारींची रांग रायगडच्या किनाऱ्यावर उतरूं लागते. मार्च २०२० मध्यें ही सोय सुरू झाल्यापासून वडखळचा लांबचा वळसा न घेतां मोटारीसह अलिबागेस येणें सुलभ झालें. या रांगेंत एखादी जुनी, हौसेनें जपलेली व एंजिनांत नवा जोर भरलेली मोटारहि अधूनमधून दिसते. कधीं ती कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली फियाट किंवा पद्मिनी असते, कधीं कॉन्टेसा, तर कधीं १९९० नंतरच्या दशकांतील झेन अथवा एस्टीम. मुंबईच्या टॅक्स्यांतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमची गेली. खाजगी मालकांच्या घरीं मात्र तिचें कौतुक अद्यापि चालू आहे. अशा मोटारीच्या मालकास एंजिनाविषयीं विचारलें असतां तो तासभर बोलेल. ब्रेकांविषयीं विचारलें असतां "ब्रेक उत्तम आहेत, पाय ठेवतांच लागतात," एवढेंच उत्तर बहुधा मिळतें.

हें उत्तर अपुरें आहे. ब्रेक किती जोरानें लागतात हा अर्धा प्रश्न झाला. तो जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत कोणत्या प्रमाणांत वांटला जातो, हा दुसरा अर्धा प्रश्न; आणि मोटार सरळ थांबेल कीं गिरकी घेईल, याचा निकाल या दुसऱ्या प्रश्नावर लागतो. एंजिनाचा जोर वाढविला कीं या प्रश्नाची निकड आणखी वाढते. कारण ताशीं ६० किलोमीटरांऐवजीं ८० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार थांबवावयाची तर ब्रेकांना जवळजवळ पावणेदोनपट काम करावें लागतें.

ब्रेक चाकाला अडवितो आणि चाकाची रस्त्यावरील पकड गाडीला अडविते. ज्या चाकावर भार अधिक, त्याची पकड अधिक. एस. टी.च्या गाडींत उभ्यानें प्रवास करणाऱ्या मनुष्यास ठाऊक असतें कीं, चालकानें ब्रेक दाबतांच आपलें अंग पुढें झोंकलें जातें. मोटारीचेंहि तसेंच होतें. ती थांबूं लागतांच तिचें नाक खालीं दबतें, मागचा भाग उचलल्यासारखा होतो, आणि मागच्या चाकांवरील कांहीं भार पुढच्या चाकांवर जातो. हा भार किती, हें शाळेंतील तरफेच्या गणितानें काढतां येतें.

उदाहरणादाखल पद्मिनीच्या सुमाराची एक मोटार घ्यावी. दोन माणसांसह तिचें वजन १००० किलो, पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर २३४ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासून उंची ५५ सेंटिमीटर मानावी. उभी असतांना पुढच्या चाकांवर ५२० व मागच्या चाकांवर ४८० किलो भार आहे असें धरावें. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर अशी मोटार आपल्या वजनाच्या आठ दशांशाइतक्या जोरानें अडवितां येते. आतां वजनाला या आठ दशांशानें गुणावें, गुरुत्वमध्याच्या उंचीनें गुणावें आणि आंसांतील अंतरानें भागावें. उत्तर सुमारें १८८ किलो येतें. म्हणजे थांबण्याच्या त्या कांहीं क्षणांत पुढच्या चाकांवर ७०८ किलो आणि मागच्या चाकांवर अवघा २९२ किलो भार असतो. मागच्या ब्रेकांना शंभरांतील एकोणतीस भागच काम झेपतें.

तोच रस्ता पावसानें भिजला आणि पकड निम्म्यावर आली कीं गणित बदलतें. गाडी कमी जोरानें अडते, त्यामुळें भारहि कमी सरकतो. तो सुमारें ९४ किलो भरतो. आतां पुढें ६१४ व मागें ३८६ किलो भार राहतो. योग्य वांटणी कोरड्या रस्त्यावर ७१ आणि २९ होती, ती ओल्या रस्त्यावर ६१ आणि ३९ झाली. गाडी तीच, ब्रेक तेच, रस्ताहि तोच. पावसाच्या एका सरीनें योग्य प्रमाण बदलून टाकलें. जुन्या मोटारींत हें प्रमाण बहुधा कारखान्यांतच कायमचें ठरलेलें असतें. तेव्हां सगळ्या रस्त्यांस लागू पडेल असें एकच प्रमाण अस्तित्वांत नसतें, आणि कोठेंतरी चुकावयाचें तर कोणत्या बाजूस चुकावें हें ठरविणें भाग पडतें.

याचें उत्तर देणारा एक लहानसा प्रयोग घरींहि करतां येण्याजोगा आहे. मोकळ्या चाकांची खेळण्यांतील मोटार घ्यावी. एक गुळगुळीत लांब फळी एका टोंकास पुस्तकांवर टेकवून चांगली उतरती करावी. मोटारीचीं पुढचीं दोन चाकें चिकटपट्टीनें जखडावीं आणि तोंड उताराकडे करून ती सोडावी. ती घसरत, पण सरळ खालीं येते. आतां पुढचीं चाकें मोकळीं करून मागचीं जखडावीं व मोटार पुन्हां तशीच सोडावी. थोडें अंतर जातांच तिचा मागचा भाग एका बाजूस वळूं लागतो आणि पाहतां पाहतां ती उलटी फिरून पाठमोरी खालीं येते. घरांतील मुलांस ही गंमत वाटेल. मोटार चालविणाऱ्यानें मात्र ती गंभीरपणें पाहावी.

या चमत्काराचें कारण सोपें आहे. फिरणारें चाक पुढें सहज जातें, परंतु त्यास बाजूला ढकलूं गेल्यास तें विरोध करतें. जखडलेलें चाक हा विरोध गमावून बसतें व ज्या दिशेस लोटलें जाईल त्या दिशेस घसरतें. बाणाला पिसें मागच्या टोंकास बांधतात, कारण बाजूचा विरोध मागें असला म्हणजे बाण सरळ राहतो. पुढचीं चाकें जखडलीं व मागचीं फिरत राहिलीं तर मोटार पिसें मागें असलेल्या बाणासारखी सरळ जाते. अशा वेळीं सुकाणूचें चक्र फिरवून गाडी वळत नाहीं, हा दोष खराच. पण ब्रेकवरील पाय किंचित् सैल करतांच तें पुन्हां हुकमांत येतें. मागचीं चाकें आधीं जखडलीं तर पिसें बाणाच्या टोंकाला लावल्यासारखें होतें. मोटार गिरकी घेऊं लागते, आणि ती सांवरण्यास निष्णात चालकालाहि वेळ पुरत नाहीं. रेवदंड्याच्या पुढें काशिद-मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर जेथें एका हातास डोंगर आणि दुसऱ्या हातास समुद्र येतो, तेथें या दोन चुकांतील अंतर कोणासहि समजावून सांगण्याची गरज नाहीं.

यावरून पहिला नियम निघतो. अत्यंत जोरानें ब्रेक दाबला असतां पुढचीं चाकें आधीं जखडावीं, मागचीं कधींहि आधीं जखडूं नयेत.

मनुष्यास हें ज्ञान एकदम झालेलें नाहीं. प्रारंभींच्या बहुतेक मोटारींना ब्रेक केवळ मागच्या चाकांना असत, आणि पुढच्या चाकांना ब्रेक लावणें धोक्याचें आहे अशी समजूत पुष्कळ दिवस टिकली. १९२१ सालीं फ्रान्समधील ग्रां प्री शर्यत ड्यूसेनबर्ग या अमेरिकन मोटारीनें जिंकली; तिच्या चारहि चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. १९५३ सालीं ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारनें विजय मिळविला. पुढें १९७८ मध्यें बॉश कंपनीची, चाक जखडूं लागतांच दाब आपोआप सैल करणारी विद्युत्-योजना मर्सिडीझच्या मोटारींत आली; तीच आतां ए. बी. एस. या नांवानें घरोघरीं माहीत झाली आहे. हल्लीच्या मोटारींत मागच्या ब्रेकांचा वांटाहि तीच योजना क्षणोक्षणीं ठरविते. जुन्या मोटारीस हा मदतनीस नसतो. तिचा तोल मनुष्यालाच राखावा लागतो.

हा तोल कोणकोणत्या अवयवांत सांठविलेला असतो, हें आतां पाहावें. पायाखालची दांडी मास्टर सिलिंडरमधील तेल दाबते, आणि तोच दाब नळ्यांवाटे चारहि चाकांपाशीं जातो. तेथील सिलिंडराचा व्यास जितका मोठा तितका जोर अधिक; आणि हा जोर व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. मागच्या चाकांतील १९ मिलिमीटरांचे सिलिंडर मिळाले नाहींत म्हणून दुकानदारानें २२ मिलिमीटरांचे दिले आणि मेस्त्रीनें ते बसविले, तर फरक दिसावयास तीन मिलिमीटरांचा. मागच्या ब्रेकांचा जोर मात्र एक तृतीयांशानें वाढला. अशा बदलानंतर मोटार पूर्वीपेक्षां बरी थांबते असें मालकास वाटतें, आणि पहिल्या खऱ्या संकटापर्यंत त्याची समजूत कायम राहते.

दुसरी गोष्ट ड्रम आणि डिस्क यांच्या स्वभावाची. ड्रममधील एक शू चाकाच्या फिरण्यानेंच ड्रमवर अधिक घट्ट ओढला जातो. त्यामुळें थोड्या दाबांत पुष्कळ काम होतें, परंतु लायनर ओला झाला, तापला किंवा बदलला तर त्या कामांत मोठा चढउतार होतो. डिस्कचे पॅड जितका दाब मिळेल तितकेंच काम करतात. त्यांस दाब अधिक लागतो, पण ते वागण्यांत एकसारखे असतात. पद्मिनीच्या चारहि चाकांना मूळचे ड्रम. तिला पुढें डिस्क बसविण्याची हौस पुष्कळांस असते आणि ती गैर नाहीं. मात्र हें काम केवळ पुढच्या दोन चाकांपुरतें राहत नाहीं. डिस्कच्या कॅलिपरांस तेल अधिक लागतें, म्हणून जुना मास्टर सिलिंडर अपुरा पडून पाय खोल जातो. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरांत थोडा दाब कायम राखणारी झडप असते. ती तशीच राहिल्यास पॅड सतत घासत राहून तापतात. शिवाय डिस्कसाठीं वाढविलेला दाब मागच्या ड्रमनाहि मिळतो, आणि ते मागाहून आलेल्या या बळानें एकदम जखडूं शकतात. पुढें केलेल्या सुधारणेचा हिशेब मागें चुकवावा लागतो, तो असा.

टायर आणि स्प्रिंगा यांचाहि या तोलाशीं संबंध आहे. मोटार खालीं बसविली कीं गुरुत्वमध्य उतरतो व भार कमी सरकतो. मागें रुंद टायर घातले कीं मागची पकड वाढते. मागच्या बांकावर तीन माणसें आणि डिकींत आंब्याच्या पेट्या असल्या तर मागचीं चाकें अधिक काम करूं शकतात. चालक एकटा असून पेट्रोलची टांकी रिकामी असली तर तेंच काम त्यांस जड होतें. म्हणून तोल पाहावयाचा तो मोटार हलकी, म्हणजे चालक एकटा असतांना पाहावा. तेथें मागचीं चाकें शाबूत राहिलीं तर भरल्या गाडींत तीं राहतीलच.

हा तोल बदलण्याचीं साधनें मुख्यतः तीन. पहिलें साधन मागच्या चाकांकडे जाणाऱ्या नळींत बसविलेला दाब कमी करणारा व्हाल्व्ह. ठराविक दाबापर्यंत तो कांहींच करीत नाहीं. त्यापुढें मात्र मागील दाब पुढच्या दाबापेक्षां हळूहळू वाढूं देतो. हौशी मोटारींत त्यास फिरवावयाची मूठ असते. या व्हाल्व्हानें मागचा जोर कमी करतां येतो, वाढवितां येत नाहीं. आणि तो पुढच्या नळींत कदापि बसवूं नये. दुसरें साधन मागच्या आंसाला दांडीनें जोडलेला भारमापक व्हाल्व्ह. १९६६ सालीं निघालेल्या फियाट १२४ या मोटारींत अशी योजना होती. मागें ओझें वाढून गाडी दबली कीं दांडी हलते व मागें अधिक दाब सोडते. या मोटारीच्या स्प्रिंगा कापून ती खालीं बसविल्यास बिचाऱ्या व्हाल्व्हाला गाडी सदैव भरलेलीच वाटते, आणि तो रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना नको तितका दाब देत राहतो. स्प्रिंगा बदलणाऱ्यानें ही दांडी पुन्हां मापून लावली पाहिजे.

तिसरें साधन शर्यतीच्या मोटारींत असतें. तेथें पुढच्या व मागच्या ब्रेकांसाठीं दोन निराळे मास्टर सिलिंडर शेजारीं शेजारीं असतात आणि पाय एका आडव्या दांडीवर जोर देतो. ही दांडी म्हणजे किराणा दुकानांतील तराजूची धाकटी बहीण. जोर मध्यावर पडला तर दोन्ही सिलिंडरांस सारखा वांटा मिळतो. दांडीची लांबी ६० मिलिमीटर असून जोराचा बिंदु पुढच्या ब्रेकाच्या सिलिंडराकडे ३ मिलिमीटर सरकविला, तर वांटणी ५५ आणि ४५ अशी होते. स्क्रूच्या थोड्या फेऱ्यांत एवढा फरक पडतो, म्हणून या दांडीस हात लावतांना फेऱ्या मोजून वहींत लिहून ठेवाव्या.

येथवर यंत्राचा विचार झाला. आतां स्थळाचा विचार करावयास हवा, कारण रायगडच्या किनाऱ्यावर मनुष्यानें पान्यास हात न लावतांहि ब्रेकांचा तोल बिघडत असतो. समुद्राचा वारा खारट, हवा दमट, आणि मोटार सोमवारपासून शुक्रवारपर्यंत नारळीपोफळीच्या वाडींत उभी. या अवधींत डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. तो पहिल्या चारसहा ब्रेकांत निघून जातो व त्याची काळजी नको. परंतु मागच्या ड्रममधील सिलिंडराचा दट्ट्या गंजून अडकला, अथवा हँडब्रेकची तार आंतल्या आंत गंजून ताठ झाली, तर तें बाहेरून दिसत नाहीं. वाळूवर, ओहोटीच्या पाण्यांतून मोटार नेण्याची हौस झालेली असल्यास हा नाश अधिकच लवकर होतो. ब्रेकचें तेलहि हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश असावा लागतो; ओलावा शिरल्यावर त्याची खालची मर्यादा १४० अंश मानली आहे. डॉट ४ चे आंकडे २३० आणि १५५. पुण्याहून बोरघाट उतरून येतांना पुढचे ब्रेक तापले आणि जुनें तेल उकळलें, तर पाय तळाला जातो. तेल न उकळतांहि पुढचे पॅड अति तापले कीं त्यांची पकड घटते आणि न कळत सारा तोल मागच्या चाकांकडे झुकतो. यास्तव उतारावर खालच्या गिअरमध्यें उतरावें, आणि दर दोन वर्षांनीं, किनाऱ्यावर तर वर्षानेंच, तेल बदलावें.

गंजानें होणारी फसवणूक कशी घडते, तें नीट समजून घेण्यासारखें आहे. मागच्या एका चाकाचा सिलिंडर अडकला म्हणजे मागचे ब्रेक दुबळे होतात. पुढचीं चाकें लवकर जखडूं लागतात. मालकास वाटतें, तोल फार पुढें गेला. तो व्हाल्व्हाची मूठ फिरवून मागें अधिक दाब सोडतो. गाडी बरी थांबूं लागते. पुढें कधींतरी अडकलेला दट्ट्या आपण होऊन सुटतो, किंवा दुसरा मेस्त्री सिलिंडर बदलतो व चांगलें काम केल्याच्या समाधानानें गाडी परत करतो. आतां मागचे ब्रेक निरोगी आहेत आणि शिवाय त्यांना वाढीव दाबहि मिळत आहे. पुढच्याच एखाद्या वळणावर, आडवी आलेली गाय चुकवितांना, मोटारीचा मागचा भाग पुढें धांवून येतो. दोष कोणा एकाच्या कामांत सांपडत नाहीं. आजारी अवयवाचा आजार तोल बदलून झांकला, एवढाच दोष. म्हणून दुसरा नियम असा कीं, ब्रेक पूर्ण दुरुस्त झाल्यावांचून तोलास हात लावूं नये.

तपासणीचा क्रम अनुभवी मेस्त्री पुढीलप्रमाणें ठेवतात. प्रथम चारहि टायर एका जातीचे, फार जुने नसलेले व योग्य हवेचे आहेत हें पाहावें. मग चारहि चाकें उचलून प्रत्येक हातानें फिरवावें. ब्रेक सोडल्यावर चाक मोकळें फिरलें पाहिजे. ड्रम उघडून लायनर व सिलिंडर पाहावे, शूंचें अंतर सारखें लावावें, हँडब्रेकची तार तपासावी, नळ्यांतील हवा काढावी. नंतर थोडें चालवून व थांबवून डावीउजवीकडील डिस्क अथवा ड्रम यांचें तापमान दुरून मोजणाऱ्या तापमापकानें पाहावें. दोन बाजूंत मोठी तफावत असल्यास एक बाजू काम करीत नाहीं असें समजावें. वाहनतपासणी केंद्रांतील रुळांच्या यंत्रावर प्रत्येक चाकाचा जोर निराळा मोजतां येतो व डावेंउजवें ताडून पाहण्यास तें यंत्र उत्तम. परंतु तेथें गाडी जागच्या जागीं असल्यामुळें भार पुढें सरकत नाहीं, म्हणून पुढच्यामागच्या तोलाचा अखेरचा निर्णय त्यावर करतां येत नाहीं.

तो निर्णय चालत्या गाडींतच होतो, आणि त्यासाठीं सार्वजनिक रस्ता वापरूं नये. मोकळी, बंद, सपाट, कोरडी व डांबरी अथवा सिमेंटची जागा मालकाच्या परवानगीनें मिळवावी. समुद्राची पुळण या कामास निरुपयोगी, कारण वाळूवरील पकड रस्त्यासारखी नसते आणि खारें पाणी पुढील महिन्याचा आजार ठेवून जातें. मागचा दाब अगदीं कमी करून आरंभ करावा. ताशीं ३० किलोमीटर वेगानें सरळ जाऊन ब्रेक जोरानें दाबावा. बाहेर, सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या मनुष्यानें कोणतें चाक आधीं थांबतें हें पाहावें. मग मागचा दाब थोडथोडा वाढवीत, तोच प्रयोग ४० व ५० किलोमीटर वेगानें करावा. मागचीं चाकें पुढच्यांच्या बरोबरीनें जखडूं लागलीं असें दिसतांच तेथें थांबावें, आणि तेथून स्पष्टपणें मागें यावें. ही मागें घेतलेली पायरीच संकटकाळीं उपयोगीं पडते. नवीन टायर, रिकामी टांकी, तापलेले पॅड यांचा हिशेब तीच भागविते. अखेरीस मूठ पक्की करून त्यावर खूण करावी, म्हणजे कोणाचाहि हात सहज लागून ती फिरणार नाहीं. कारखान्यानें ठरविलेल्या घडणींत मोठा बदल करणें मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खालीं येतें, हेंहि ध्यानांत असावें.

आतां उरला पावसाचा प्रश्न. या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर धो धो पाऊस कोसळतो आणि रस्ता दिवसच्या दिवस कोरडा होत नाहीं. ओल्या रस्त्यावर मागचीं चाकें अधिक काम करूं शकतात, हें आरंभींच्या गणितांत आलेंच आहे. मग पावसाळ्यापुरता तोल मागें सरकवावा काय? हा विचार चतुर वाटतो, आणि शर्यतींतले चालक तसें करतातहि. परंतु शर्यतीचा मार्ग मोकळा असतो, तेथें चालक दर फेरीस मूठ फिरवितो आणि चुकल्यास बाहेर मोकळें मैदान असतें. घरच्या मोटारीचें तसें नाहीं. त्याच उदाहरणांतील मोटार पुन्हां घ्यावी. कोरड्या रस्त्यासाठीं ७१ आणि २९ या प्रमाणांत लावलेले ब्रेक ओल्या रस्त्यावर सर्व पकड वापरूं शकत नाहींत. पुढचीं चाकें थोडीं लवकर जखडतात. ताशीं ६० किलोमीटर वेगावरून उत्कृष्ट तोलाची मोटार सुमारें ३५ मीटरांत थांबली असती, ती सुमारें ४२ मीटरांत थांबते. नुकसान साडेसहा मीटरांचें, म्हणजे दीड मोटारीच्या लांबीचें झालें. हें नुकसान लहान नाहीं.

याउलट ओल्या रस्त्यासाठीं ६१ आणि ३९ असा तोल लावला आणि सर ओसरून ऊन पडलें, रस्ता वाळला, तर कोरड्या रस्त्यावर ब्रेक पुरते लागण्याआधींच मागचीं चाकें जखडतात आणि खेळण्यांतील मोटारीचा दुसरा प्रयोग भर रस्त्यांत घडतो. कोंकणांतील पाऊस कार्लेखिंडीच्या अलीकडे असतो आणि पलीकडे नसतो, हें या वाटेनें पेणहून अलिबागेस येणारा प्रत्येक मनुष्य जाणतो. मूठ फिरविण्याचें भान अशा वेळीं कोणास राहणार?

साडेसहा मीटर मात्र दुसऱ्या मार्गानें परत मिळवितां येतात, आणि त्यास पाना लागत नाहीं. तीच मोटार तोच तोल ठेवून ओल्या रस्त्यावर ताशीं ६० ऐवजीं ५५ किलोमीटर वेगानें नेली, तर ती पुन्हां त्याच ३५ मीटरांत थांबते. पांच किलोमीटर वेग सोडला कीं सारें नुकसान भरून निघतें. अलिबागेहून मुरुडपर्यंतच्या वाटेवर यानें कांहीं थोडीं मिनिटें उशीर होईल. पावसाशीं करावयाची तडजोड ब्रेकाच्या मुठीनें करूं नये. ती उजव्या पायानें करावी.

जुन्या मोटारीच्या मालकास तिच्या वेगाचा अभिमान वाटावा हें स्वाभाविक आहे, आणि या किनाऱ्यावरील सकाळचा रिकामा रस्ता त्या अभिमानास खतपाणीहि घालतो. तथापि शनिवारीं बोटींतून उतरल्यावर वाडीच्या फाटकापाशीं दोनदां सावकाश ब्रेक दाबून पाहणें, गाडी एका बाजूस ओढते काय याकडे लक्ष देणें आणि वर्षांतून एकदां मागचे ड्रम उघडून घेणें, एवढें केलें तर मोटारींत बसलेलीं घरचीं माणसें रविवारीं संध्याकाळीं परतीच्या बोटीला सुखरूप पोंचतील.